चार बोटं सैल

मिस्त्रीने ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला आणि तसाच बाहेर काढला. बोटांना काहीतरी ओलसर आणि मऊ लागलं होतं. उजेडात धरून पाहिलं तर कापसाचा बोळा, मधोमध तपकिरी झालेला, आणि त्याला कुणाचा तरी लांब केस चिकटलेला. त्याने तो चिमटीत धरला, हात अंगापासून जाईल तितका लांब केला आणि कचऱ्याच्या डब्यापर्यंत तसाच चालत गेला. मग नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. दोनदा.

"काय सापडलं?" दारातल्या बाकावरून सासऱ्यांनी विचारलं. ते चहा पीत होते, कप दोन्ही हातांनी धरून.

"तुम्हीच येऊन बघा."

"चादरीतून पडलं असेल काहीतरी. धुलाईची गाडी आहे, जावईबापू. सीटखाली अत्तराची बाटली कुठून निघणार?"

मिस्त्रीने बोलायला तोंड उघडलं की तो वास आत जायचा. गाडी म्हणजे सव्वीस वर्षांची एक व्हॅन होती. सकाळी ती सात बायकांना आपापल्या गल्लीच्या तोंडाशी उचलायची आणि शहराबाहेरच्या धुलाई केंद्रात पोचवायची. मग दिवसभर चार दवाखान्यांतल्या मळक्या चादरी, उशांचे अभ्रे आणि डॉक्टरांचे डगले पोत्यांत भरून तिथेच नेऊन टाकायची. संध्याकाळी पुन्हा त्याच सात बायका. त्यांतली एक मिस्त्रीची बायको. ती इस्त्रीच्या विभागात मुकादम होती आणि रोज पुढे, आपल्या वडिलांच्या शेजारी बसून जायची. फिनेल, घाम, वाळलेलं रक्त आणि कधीकाळी सांडून आंबलेलं दूध, सगळ्यांचा मिळून एकच वास झाला होता आणि तो पत्र्यात मुरला होता. आजही मागे तीन पोती होती. "वाटेवरच होती, म्हणून उचलून आणली," असं सासऱ्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं, येता येता भाजी आणावी इतक्या सहज.

मिस्त्रीचं गॅरेज असं नव्हतं. भिंतींना पांढरा रंग होता. प्रत्येक पान्याला स्वतःचा खिळा होता आणि खिळ्याखाली त्या पान्याची रंगवलेली आकृती. जमिनीवर तेलाचा थेंब पडला की त्यावर लगेच भुसा पडायचा. कामाचा डगला तो रोज धुतलेला घालायचा. शेजारचा पंक्चरवाला त्याला नवरदेव म्हणायचा आणि मिस्त्रीला त्याचा राग येत नसे. घाणीत काम करायचं असलं तरी घाणीत राहायचं नाही, एवढं साधं त्याचं म्हणणं होतं, आणि बहुतेक माणसांना तेही जमत नाही याचा त्याला मनापासून तिटकारा होता.

त्या बहुतेक माणसांत सासरे पहिले. त्यांच्या शर्टावर कायम काहीतरी सांडलेलं. गाडीत जे मोडेल ते तारेने बांधलेलं. दाराचं हँडल तारेने, सायलेन्सर तारेने, मागचा दिवा तारेने आणि वर चिकटपट्टीने. दोन वर्षांपूर्वी बायकोने विचारलं होतं, बाबांची गाडी एकदा बघाल का, तेव्हा मिस्त्रीने चारचौघांत सांगून टाकलं होतं की आधी धुऊन आणा, मग बघू. गाडी आली नव्हती. त्यानेही पुन्हा विषय काढला नव्हता. सुटलो, असंच त्याला वाटलं होतं.

आज इलाज नव्हता. परवा धुलाई केंद्राची मालकीण फाटकात उभी असताना व्हॅन आत शिरली होती, झोकांड्या खात, आणि फाटकाच्या खांबाला घासून गेली होती. आत सात बायका होत्या. मालकिणीने तिथल्या तिथे सांगितलं, शनिवारी सहाच्या आत गॅरेजचं लेखी आणा की गाडी ठीक आहे. नाहीतर सोमवारपासून दुसरी गाडी. सासऱ्यांकडे ही गाडी सोडून दुसरं काही नव्हतं. सासूबाई वारल्यापासून तर ते घरी फक्त झोपायला जायचे. आज शनिवार होता आणि अकरा वाजून गेले होते.

"बसा आत," मिस्त्री म्हणाला. "मी खाली जातो. सांगेन तेव्हा स्टीअरिंग हलवायचं. थोडंच, डावीकडे-उजवीकडे."

सासरे उठले, कप बाकावरच्या बशीत ठेवला. तो ठेवताना बशीवर खडखडला. मिस्त्रीने तोवर नाकाला रुमाल बांधला होता.

"काय नवरदेव, ऑपरेशन का?" पंक्चरवाल्याने तिकडून विचारलं.

"पोस्टमॉर्टेम," मिस्त्री म्हणाला आणि फळीवर आडवा होऊन गाडीखाली सरकला.

खालून गाडी वरच्यापेक्षा वाईट होती. ग्रीस, धूळ आणि केसांचे पुंजके मिळून बोटभर जाडीचा थर झाला होता आणि त्यात एक मेलेली पाल चपटी होऊन बसली होती. त्याने खरवडणीने थर काढायला सुरुवात केली. ढेकूळ सुटून गळ्याशी पडलं, कॉलरच्या आत. अंगावर सरसरून काटा आला. त्याने डोळे मिटले, दहा आकडे मोजले आणि पुन्हा खरवडायला लागला. सांधे दिसल्याशिवाय दोष दिसणार नव्हता.

"हलवा."

वर स्टीअरिंग फिरलं. किती फिरलं ते त्याने आधीच मोजून ठेवलं होतं. चाक हलायच्या आधी स्टीअरिंग चार बोटं रिकामंच फिरत होतं. एक बोट, फार तर दीड, एवढं जुन्या गाडीला चालतं. चार बोटं म्हणजे माणूस वळतो आणि गाडी मागाहून विचार करते. आता ती चार बोटं वाटेत कुठे हरवतात ते शोधायचं होतं. स्टीअरिंगपासून चाकापर्यंत दांडे आणि सांधे असतात. प्रत्येक सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरीही लगेच हलते का, एवढंच बघायचं. जिथे एक हलते आणि दुसरी नुसती बघत राहते, तिथे दोष.

डाव्या चाकाजवळचा सांधा तसाच निघाला. त्याचं रबरी टोपण फाटलं होतं आणि त्यावर चिंधी गुंडाळून वर तार आवळली होती. चिंधी तेलाने काळी पडून घट्ट झाली होती. कुणी जखमेची पट्टी वर्षभर बदलू नये तशी. तिच्या आत बोट घातलं तर गिळगिळीत.

"मामा, हे चिंधीचं काय आहे?"

"कुठली चिंधी?"

"सांध्याला बांधलेली."

"ती होय. धूळ जाऊ नये म्हणून बांधली होती."

"नवीन सांधा टाकायचा असतो."

"टाकायचाच होता," सासरे वरून शांतपणे म्हणाले. "पण चिंधी टिकली की."

उजवीकडचा सांधाही गेलेला होता. तिथे चिंधीसुद्धा नव्हती.

"आणखी एकदा हलवा. बास. थांबा."

दांडे थांबले. पण वरून, स्टीअरिंगच्या नळीतून, बारीक टकटक येत राहिली.

"थांबा म्हटलं ना."

"थांबलोय."

"मग आवाज कसला?"

टकटक बंद झाली. "हात ठेवला होता नुसता," सासरे म्हणाले. म्हाताऱ्याला सांगितलेलं एक काम धड करता येत नाही, असं मिस्त्रीच्या मनात आलं आणि ते त्याने जवळजवळ बोलूनही दाखवलं.

दोन्ही सांधे बदलायला अडीच तास लागले. गंजलेले नट सुटेनात. जुना सांधा काढताना तो किती फेरे फिरून निघाला ते मिस्त्रीने मोजलं आणि नवा तितकेच फेरे आत बसवला, म्हणजे चाकांची दिशा बिघडायला नको. या असल्या कामात त्याचं मन लागायचं. चिंध्या, तारा, पाल, सगळं त्याने जुन्या पिशवीत भरून पिशवीचं तोंड बांधलं. नवे सांधे काळेभोर आणि कोरडे दिसत होते. त्या गाडीत तेवढीच एक बघण्यासारखी जागा होती.

मग त्याने पुन्हा स्टीअरिंग हलवून पाहिलं. तो रिकामा खेळ कमी झाला होता, पण गेला नव्हता. अजून अडीच बोटं बाकी होती.

राहिला तो स्टीअरिंगचा डबा. स्टीअरिंगचा दांडा ज्यात शिरतो आणि ज्यातून चाकांकडे जाणारा हात निघतो, तो लोखंडी डबा. त्याच्या डोक्यावर एक स्क्रू असतो आणि स्क्रूवर नट. हा स्क्रू आवळला की आतले दाते जवळ येतात. रस्त्यावरच्या अर्ध्या मेकॅनिकांना एवढीच विद्या येते. गाडी सैल आली की सांधे बघायचे नाहीत, सरळ हा स्क्रू पिळायचा, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं झालं काम. मग वळणावर स्टीअरिंग अडकतं आणि कुणीतरी भिंतीवर जातं. पिळून ठेवलेले असे स्क्रू मिस्त्रीने शेकड्याने पाहिले होते आणि ते पिळणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्याही घातल्या होत्या.

हा पिळलेला नव्हता. त्याने बॅटरीचा उजेड जवळ नेला. नटावर पाना घसरल्याच्या चकचकीत खुणा होत्या, एक नाही, पाच-सहा. पाना धरता न येणाऱ्या माणसाने धरल्यासारख्या. आणि स्क्रू चांगला एक फेरा बाहेर आलेला होता. आपोआप येत नाही तो. वर नट घट्ट होता. कुणीतरी नट सोडून, स्क्रू बाहेर काढून, नट पुन्हा आवळला होता. हे मिस्त्रीने जन्मात पाहिलं नव्हतं.

"मामा, या डब्याला कुणी हात लावला?"

सासरे बाकावर परत गेले होते. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "कितीतरी जणांचे हात लागलेत गाडीला. सव्वीस वर्षं झाली."

"हा सैल केलाय कुणीतरी. मुद्दाम."

"असेल एखादा गाढव."

"गाढव नाही. गाढवाला एवढं सुचत नाही."

त्याने चाकं सरळ केली, नट सोडला आणि स्क्रू आत घेतला. अगदी थोडा, मग स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं, कुठे अडत नाही ना. पुन्हा थोडा. चौथ्या खेपेला खेळ एका बोटावर आला आणि स्टीअरिंग लोण्यात सुरी जावी तसं फिरायला लागलं. त्याने नट आवळला. तीन वाजून गेले होते. या घाणीच्या ढिगाऱ्यात एक गोष्ट आता नीट होती आणि ती त्याने केली होती. त्याला बरं वाटलं.

"चला, फिरवून आणू," तो म्हणाला. "तुम्ही चालवा. तुमच्या हाताची आहे, फरक तुम्हालाच कळेल."

सासरे उठले नाहीत. "तुम्हीच आणा की."

"मालकिणीने विचारलं तर चालवून पाहिली म्हणून तुम्हीच सांगणार ना? चला."

गोदामांच्या मागचा रस्ता लांब, सरळ आणि दुपारचा रिकामा होता. सासऱ्यांनी गियर टाकला, गाडी निघाली. पन्नास पावलांत गाडी थरथरायला लागली. झोकांड्या गेल्या होत्या, पण त्यांच्या जागी हे आलं होतं. नाक डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, बारीक बारीक, एकसारखं. समोरच्या काचेतला रस्ता हलत होता.

"थांबवा."

त्याचं डोकं भराभर चालायला लागलं. चाकाचं बेअरिंग? पण जॅकवर चढवून चाकं त्याने वरून-खालून हलवून पाहिली होती. टायर? हवाही मोजली होती. मग नव्या सांध्यातच दोष? डबा जास्त आवळला गेला? आपलंच काम चुकलं या विचाराने त्याचे कान गरम झाले.

"इकडे या. मी बसतो."

त्यांनी जागा बदलल्या. मिस्त्रीने गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत नेली. गाडी सरळ गेली. त्याने वेग वाढवला, स्टीअरिंगवरून क्षणभर हात उचलला, गाडी तरी सरळ. वळवून परत आणली. कुठे काही नाही.

"पुन्हा तुम्ही."

"कशाला?"

"पुन्हा तुम्ही, मामा."

सासरे बसले. गाडी निघाली आणि थरथरायला लागली. या वेळी मिस्त्रीने रस्त्याकडे पाहिलं नाही. त्याने स्टीअरिंगकडे पाहिलं. त्यावर दोन हात होते, नखांत काळं भरलेलं, मनगटावरचे केस पांढरे झालेले, आणि ते दोन्ही हलत होते. सासऱ्यांनी स्टीअरिंग जितकं घट्ट धरलं तितके ते जास्त हलले.

गाडी गोदामाच्या भिंतीला लागून उभी राहिली. इंजिन बंद झालं. मागच्या पोत्यांतून वास येत होता.

"केव्हापासून?" मिस्त्रीने विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील. आधी डावा सुरू झाला. मग उजव्याला वाटलं, आपणच का मागे राहायचं."

"डॉक्टरकडे गेलात?"

"गेलो ना. गोळ्या दिल्यात. त्या घेतल्या की झोप येते. आता झोपेत चालवू की थरथरत, तुम्हीच सांगा."

मिस्त्री हसला नाही. "तो स्क्रू तुम्ही सैल केलात."

"हो." सासऱ्यांनी हात मांडीवर ठेवले. "सगळं करून पाहिलं आधी. हातमोजे घातले. स्टीअरिंगला जाड कापड गुंडाळलं. मग लक्षात आलं, स्टीअरिंग सैल असलं की हाताचं हातापाशीच राहतं. खाली चाकाला पत्ताच लागत नाही. एक फेरा सोडला. चार दिवसांत सवय झाली." सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "पण मग ते सांधे गेले आणि फारच सैल झालं. ते माझ्या हिशोबात नव्हतं."

मिस्त्रीला मळमळायला लागलं. वासाने नव्हे. वासाची आता सवय होत आली होती. हा माणूस खोटं बोलून, पाना घसरवत, स्वतःच्या हाताने गाडी बिघडवतो आणि त्यात सात बायका बसवून शहरभर फिरतो. आणि वर हुशारी सांगतो.

"सांधे नवे झालेच आहेत," सासरे म्हणाले. "तेवढा स्क्रू पुन्हा पूर्वीसारखा करून द्या. एकच फेरा. आणि कागद लिहा. दुरुस्ती तर खरीच झालीय, खोटं काही लिहायला नको."

"मामा, माणसं बसतात या गाडीत."

"सव्वीस वर्षं बसतात. माझी मुलगी पुढे बसते. तिला बसवून मी हयगय करीन का?"

"करताय."

सासरे भिंतीकडे बघत म्हणाले, "ती असते म्हणून तर चालतं."

"म्हणजे?"

"गाडी एका अंगाला जायला लागली की ती हात लावते. इथे, खालून." त्यांनी स्टीअरिंगची खालची कड दाखवली. "मांडीवर पिशवी घेऊन बसते, पिशवीआडून. मागच्यांना दिसत नाही. परवा पिशवी पडली, ती उचलायला वाकली, तेवढ्यात खांब आला."

मिस्त्रीने उतरून ड्रायव्हरचं दार उघडलं, सासऱ्यांना उतरायला सांगितलं आणि गाडी स्वतः गॅरेजपर्यंत आणली. गॅरेजात आल्यावर त्याने इंजिनावरचं झाकण उचललं, डब्याच्या नटाला पाना लावला. सासरे मागे येऊन उभे राहिले. पाना तसाच थोडा वेळ राहिला. मग मिस्त्रीने नट आणखी जरासा आवळला आणि झाकण पाडलं.

"बरं," सासरे म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले.

त्याने कागद लिहिला. गाडी तपासली, स्टीअरिंगचे दोन्ही सांधे नवे बसवले, डब्याचा स्क्रू नीट केला, गाडी चालवून पाहिली, गाडीत दोष नाही. खाली सही केली, शिक्का मारला. सगळं खरं होतं. वाचताना त्याला त्या कागदाचाही वीट आला.

साडेपाचला बायको आली. आज बायका बसने गेल्या होत्या, ती धुलाई केंद्रातूनच परस्पर आली होती. चालून दमली होती. "मालकीण सहापर्यंत थांबल्यात," ती दारातूनच म्हणाली. "कागद आणि पोती, दोन्ही आत्ता हवंय. झालं का?"

"गाडीचं झालं," मिस्त्री म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग बाकावरच्या वडिलांकडे. खांद्यावरची पिशवी काढून तिने कामाच्या टेबलावर ठेवली. एरवी त्या टेबलावर कुणी काही ठेवलेलं मिस्त्रीला खपत नसे.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. आवाज हळू ठेवला होता. "दोन वर्षं. त्या खटाऱ्यात बसून तू स्टीअरिंग धरतेस आणि घरी येऊन मला इस्त्रीच्या गोष्टी सांगतेस. मी मेकॅनिक आहे. मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगायलाच आले होते. गाडी बघाल का म्हणून विचारलं, ते त्यासाठीच. तुम्ही म्हणालात, आधी धुऊन आणा."

"गाडीबद्दल म्हणालो होतो."

"हो, गाडीबद्दलच." ती दमलेल्या माणसासारखी बोलत होती, भांडण्यासारखी नाही. "आणि बाबा जेवायला आले, त्यांचा घास ताटाबाहेर सांडला, की तुम्ही वर्तमानपत्र घेऊन खिडकीशी जाऊन बसायचात. कुणाच्या लक्षात येत नाही असं वाटायचं तुम्हाला. बाबा घरी जाऊन शर्ट धुवायचे. मग यायचेच बंद झाले. हे हात तुम्हाला दाखवायचे होते का मी?"

दर आठवड्याला जेवायला येणारे सासरे यायचे थांबले, हे मिस्त्रीच्या लक्षात आलं होतं. कामात असतील असं त्याने धरलं होतं, आणि टेबल स्वच्छ राहतं हेही त्याने मनात नोंदवलं होतं. सांडणं म्हणजे गबाळेपणा, असाच त्याने हिशोब केला होता. दोन वर्षांत त्याने एकदाही त्या हातांकडे नीट पाहिलं नव्हतं, कारण पाहिलं की किळस यायची. आता त्याला स्वतःची आली. दिवसभरात खूप वेळा आली होती तशीच, पोटातून वर चढणारी, फक्त या खेपेला झटकून टाकण्यासारखं हातात काही नव्हतं.

"पावणेसहा झाले," बाकावरून सासरे म्हणाले. ते उठले, शर्ट खाली ओढला आणि व्हॅनच्या ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला. "किल्ली द्या, जावईबापू. आजच्या दिवस जातो. सोमवारचं सोमवारी बघू."

किल्ली मिस्त्रीच्या डगल्याच्या खिशात होती. त्याने ती बाहेर काढली. पुढे केलेला हात हलत होता आणि सासऱ्यांनी तो मागे घेतला नाही. मिस्त्रीनेही नजर काढली नाही. पंक्चरवाला शेजारी टायर ठोकत होता, तेवढाच आवाज.

बायको दोघांच्या मध्ये आली आणि तिने आपला हात पुढे केला.

"लायसन्स आहे माझ्याकडे," ती म्हणाली, कुणा एकाला असं नाही. "लग्नाआधी बाबांनीच काढून दिलंय. याच गाडीवर शिकले."

मिस्त्रीने किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

सासरे दाराशी उभेच होते. दार धरून उभे होते, म्हणजे त्यांना ते सोडावं लागणार होतं. त्यांनी आत स्टीअरिंगकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं, सीटवरची एक सुरकुती तळहाताने सारखी केली. मग गाडीच्या पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले आणि तारेने बांधलेलं हँडल ओढून चढले.

"आरसा फिरवून घे," ते आत बसता बसता म्हणाले. "माझ्या मापाचा आहे."

तिने आरसा फिरवला. तो बराच फिरवावा लागला.

मिस्त्रीने कागद घडी करून खिशात टाकला, गॅरेजचं शटर ओढलं आणि व्हॅनचं मागचं दार उघडलं.

"तुम्ही कुठे?" बायकोने विचारलं. "मागे पोती आहेत."

"माहीत आहे."

बाकड्याच्या एका टोकाला जेमतेम जागा होती. तो बसला आणि पोत्याचं तोंड नेमकं त्याच्या गुडघ्याला टेकलं. कापडातून ओल येत होती. इंजिन सुरू झालं. पहिल्यांदा गाडी गचका खाऊन बंद पडली, दुसऱ्यांदा निघाली. गाडी सरळ चालली होती. पुढे दोन सीटांच्या फटीतून मिस्त्रीला सासऱ्यांचे हात दिसत होते, मांडीवर, एकाने दुसऱ्याला धरून ठेवलेले.

"दुसरा गियर टाक," सासरे म्हणाले.

"टाकलाय, बाबा."

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी मान न वळवता विचारलं, "मागे वास येतोय का, जावईबापू?"

"येतोय," मिस्त्री म्हणाला.

वळण आलं. तिने स्टीअरिंग फिरवलं आणि गाडी तिच्या हाताबरोबर वळली. वरचं पोतं घरंगळून त्याच्या अंगावर आलं. मिस्त्रीने ते दोन्ही हातांनी धरलं आणि धुलाई केंद्राचं फाटक येईपर्यंत धरून ठेवलं.